झाकणाच्या आतलं अक्षर

“अय इंगोले! पांडवबाईकडे चाललो रे! तू करून ठेवलेली घाण निस्तराले!”

देवमन तायडे रस्त्याच्या पलीकडून ओरडला, ते आसपासच्या दहा दुकानांत ऐकू गेलं. ऐकू जावं म्हणूनच तो ओरडला होता. स्कूटरच्या पायदानात त्याने नळ्या झाळायच्या टॉर्चच्या दोन टाक्या दोरीने बांधल्या, खांद्याला पाइप अडकवला आणि माझ्याकडे बघून किक मारली.

“जाय, जाय!” मीही ओरडलो. “तुले हाकललं की इकडूनच येजो. तोंड पाहू दे तुहं!”

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा अकोल्यात टिळक रोडला आमची दोन दुकानं समोरासमोर होती. माझ्या दुकानाचं नाव ‘गारवा रेफ्रिजरेशन’. त्याच्या दुकानाचं नाव ‘नवीन गारवा रेफ्रिजरेशन’. नऊ वर्षं आम्ही दोघांनी मिळून एकच ‘गारवा’ चालवला होता. मग एक दिवस तो निघाला, समोरचाच गाळा घेतला आणि पाटीवर माझंच नाव लिहून वर ‘नवीन’ चिकटवलं. म्हणजे मी जुना, शिळा! तेव्हापासून सहा वर्षं आम्ही एकमेकांशी फक्त रस्ता ओलांडून बोलायचो, आणि तेही शिव्याच. त्याची सावली जरी माझ्या ओट्यावर पडली तरी माझं डोकं फिरायचं. खोटं कशाला सांगू?

त्या दिवशी एप्रिलचे शेवटचे दिवस होते आणि सकाळी साडेअकरालाच डांबर मऊ झालं होतं. टपरीवरून चहा आला. मी खुशीत होतो. उषाताई पांडव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. मेकॅनिकला चप्पल कुठे काढायची इथपासून पाना कसा धरायचा इथपर्यंत शिकवायच्या. आता घे देवमन, तूही घे तिचे धडे, असं म्हणत मी पहिला घोट घेतला.

दुसरा घोट घ्यायच्या आधीच मला ते आठवलं.

टॉर्च. तो टॉर्च घेऊन गेला होता.

पांडवबाईंच्या एसीचा गॅस गळून गेला असणार. गळती तांब्याच्या नळीला असणार, ती झाळायला टॉर्च पेटवावा लागणार. आणि त्या मशीनमध्ये उरलेला गॅस मी भरलेला होता.

मागच्या वर्षीचा मे महिना. गावात आर-बावीसची, म्हणजे एसीत भरायच्या नेहमीच्या गॅसची, एक टाकी शिल्लक नव्हती. ठोकवाला म्हणत होता, आठ दिवस थांबा. इकडे पांडवबाई दिवसातून चार फोन करत होत्या. त्यांची आई, नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली, त्या खोलीत तडफडत होती. “गॅस ओरिजनलच भरायचा, इंगोले. ऐऱ्यागैऱ्या भरलात तर माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही,” हेही त्यांनी बजावलं होतं. माझ्या दुकानात एका फिरत्या विक्रेत्याने नमुना म्हणून दिलेला एचसीचा डबा पडला होता. एचसी म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊच. बावीसच्या मशीनमध्ये घातला तर थंड उत्तम करतो, जरा जास्तच उत्तम करतो. फक्त बावीस पेटत नाही आणि हा पेटतो. घरगुती गॅसला मुद्दाम वास लावलेला असतो, याला तोही नाही.

म्हातारीची जीभ बाहेर आली होती. मी भरला. आठ दिवसांनी बावीस आला की काढून बदलून टाकू, असं ठरवूनच भरला. खोली तासाभरात बर्फ झाली. पांडवबाईंनी जन्मात पहिल्यांदा मला चहा दिला आणि विचारलं, “ओरिजनलच ना?” मी म्हटलं, “हो ताई.”

आणि मग मी लिहिलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. बाहेरच्या युनिटच्या बाजूला एक छोटं पत्र्याचं झाकण असतं, त्याच्या आत गॅस भरायचा वॉल्व्ह. काम झालं की त्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, गॅसचं नाव आणि आपलं नाव लिहायचं. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. ते पुढच्या मेकॅनिकसाठी असतं. पांडवबाई चष्मा लावून माझ्या मागे उभ्या होत्या, म्हणून मी लिहिलं: १४ मे, आर-२२, शालिक.

आठ दिवसांनी बावीस आला. लग्नसराई होती, मी विसरलो. नाही, विसरलो नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ करत पाऊस आला, एसी बंद झाले आणि मी तो विषय मनातून काढून टाकला.

चहाचा ग्लास हातात धरून मी देवमनला फोन लावला. त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा फोनच बंद. माझं नाव दिसल्यावर तो उचलणारच नव्हता.

तेव्हाच उठायला हवं होतं. पण उठून काय सांगणार? मी एचसी भरला आणि वर बावीस लिहिलं, हे देवमन तायडेला सांगायचं? त्याच्या पाया पडण्यासारखंच झालं ते! संध्याकाळपर्यंत सगळ्या अकोल्याला कळलं असतं. तीस वर्षं मी एक नाव कमावलं होतं. माणूस फटकळ, उशिरा येतो, पण शालिक इंगोले फसवत नाही, एवढं लोक म्हणायचे. बाकी माझ्याजवळ होतं काय?

आणि देवमन तपासतोच, असं मी स्वतःला सांगितलं. नऊ वर्षं त्याच्या बरोबर काम केलं होतं. दुसऱ्याच्या हातची मशीन असली की तो आधी थोडा गॅस साबणाच्या पाण्यात घ्यायचा, मोकळ्यावर न्यायचा आणि काडी लावून बघायचा. मीच हसायचो त्याला, भित्रा म्हणायचो. तपासेल तो. त्याला कळेल, मला चार शिव्या घालेल, संपलं.

असं म्हणत मी तो चहा पूर्ण प्यायलो. ग्लास विसळून ठेवला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मग मला त्या बाल्कनीची आठवण झाली. कबुतरं येतात म्हणून पांडवबाईंनी ती काचेने चारी बाजूंनी बंद करून घेतली होती. बाहेरचं युनिट त्या पेटीतच होतं. बाल्कनीला एकच दार, ते म्हातारीच्या खोलीत उघडणारं. म्हातारीच्या पलंगाजवळ. हा गॅस जड असतो, खाली साचून राहतो, जिथे साचेल तिथून सरपटत पुढे जातो.

मी दुकान उघडं टाकून पळालो. गाडी काढली, किल्ली लागेना. पांडवबाईंचं घर रामदासपेठेत. तिथवर मी कसा गेलो ते मला आठवत नाही.

दार पांडवबाईंनीच उघडलं. मला बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

“तुम्ही? तुम्हाला कोणी बोलावलं?”

“ताई, देवमन कुठे आहे?”

“जिथे असायला हवा तिथे. तुमचा गॅस अकरा महिन्यांत उडाला, इंगोले. मी आता चांगला माणूस बोलावला आहे. चप्पल काढू नका, आत यायचं नाही.”

मी चपलांसकट आत घुसलो. त्या “अहो! अहो!” करत मागे आल्या. जिना चढून वर गेलो. म्हातारी पलंगावर डोळे मिटून पडली होती. बाल्कनीचं दार सताड उघडं. आत देवमन गुडघ्यावर बसला होता, युनिटचं झाकण उघडून बाजूला ठेवलेलं. वॉल्व्हला पाइप लावून उरलासुरला गॅस तो तिथल्या तिथे सोडत होता. सूं... असा आवाज येत होता. बावीस असाच सोडतात सगळे, पेटत नाही म्हणून. त्याच्या डाव्या हातात टॉर्च होता. उजव्या हातात लायटर.

“देवमन! पेटवू नको!”

त्याने मान वळवली. मला बघून त्याचा चेहरा आधी चकित झाला आणि मग असा काही फुलला की बस.

“आला का? दुकानात बसवलं नाई वाटते. ताई, पाहा, हा तुमच्या कामावर डोळा ठेवून आला.”

“वॉल्व्ह बंद कर. आधी वॉल्व्ह बंद कर!”

“तू मले शिकवतं?”

“त्याच्यात बावीस नाई रे!”

“मंग काय हाय? गुलाबजल?”

मागून पांडवबाई आत आल्या. “काय तमाशा आहे हा? आई झोपली आहे. केवढं उकडतंय इथे!” आणि त्यांचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला.

“बटण दाबू नका!” मी एवढ्या जोरात ओरडलो की म्हातारी दचकून जागी झाली.

“माझ्या घरात मी पंखा लावायचा नाही?”

“हात लावू नका ताई, ठिणगी उडेल, पाया पडतो!” मी त्यांचं मनगट धरलं. त्या बाईंचं मनगट धरणारा मी पहिलाच माणूस असेन. त्यांनी ते हिसडून सोडवलं, पण पंखा लागला नाही.

“पाहा, ताई,” देवमन म्हणाला, “याचं डोकं गेलं. मी समोर दुकान टाकलं तवापासूनच गेलं होतं. आज पुरं गेलं.”

“देवमन, एचसी आहे त्याच्यात. मी भरला. मागच्या मे महिन्यात. पेटते तो.”

 मग बाजूला ठेवलेलं झाकण त्याने उचललं आणि माझ्या तोंडापुढे धरलं.

“हे कोनाचं अक्षर हाय?”

“माहं.”

“काय लिहिलं हाय? वाच.”

“आर-बावीस.”

“मंग?”

“खोटं लिहिलं.”

मला वाटलं, हे बोललो की संपलं. तीस वर्षांचं नाव त्या दोन शब्दांत मी त्याच्या पायाशी टाकलं होतं. पण तो हसायला लागला! खो-खो हसला.

“वा रे पठ्ठ्या! मले कामावरून उठवाले एवढं? आपल्याच तोंडाले काळं फासतं? तू मरशील पन खोटं लिहिनार नाई, इंगोले. सारा बाजार ओळखते तुले. चल, हट बाजूले.”

आणि त्याने लायटरच्या चाकावर अंगठा ठेवला.

मी झडप घातली. दोघं युनिटवर आपटलो. माझं कोपर फुटलं, त्याचा टॉर्च काचेवर आदळला. त्याने माझी गचांडी धरली, मी त्याचा लायटरवाला हात दोन्ही हातांनी दाबून धरला. पन्नाशीची दोन माणसं, त्या एवढ्याशा काचेच्या पेटीत एकमेकांना रेटत होती, शिव्या देत होती आणि पायाशी तो गॅस सूं... करत साचत होता. पांडवबाई ओरडत होत्या, “ही काय तालीम आहे? मी पोलिसांना बोलावते!”

“बोलवा!” मी ओरडलो. “पन आधी याले म्हना, एकडाव तपास! देवमन, तुले तुह्या पोरीची शपथ आहे. एकडाव तपास. खोटं निघालं तर मी दुकानाले कुलूप लावतो, किल्ली तुह्या हातात देतो.”

पोरीचं नाव काढल्यावर त्याची पकड ढिली झाली. त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग लायटर खिशात टाकला, वाकला आणि वॉल्व्ह बंद केला. आवाज थांबला.

“दाखव,” तो म्हणाला.

मी बाल्कनीच्या काचा भराभर सरकवल्या. म्हातारीच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या. पांडवबाईंकडे एक मग पाणी आणि भांड्यांचा साबण मागितला. त्यांनी मुकाट्याने आणून दिला, हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. पाइपचं टोक साबणाच्या पाण्यात बुडवून देवमनने वॉल्व्ह केसभर उघडला. मगावर फेसाचा पांढरा ढीग चढला. तो मग घेऊन आम्ही जिना उतरलो आणि मागच्या अंगणात, तुळशीपासून लांब, सिमेंटच्या ओट्याकडे गेलो. पांडवबाई पायरीवर उभ्या राहिल्या.

मी ओला तळहात पुढे केला. देवमनने त्यावर फेस ओतला.

“पाहा हं,” तो म्हणाला. “काई होनार नाई अन् तू दुकानाले कुलूप लावनार.”

त्याने लायटर लावला.

भक्क!

हातभर उंच पिवळी ज्वाळा उठली. माझ्या भुवया गेल्या, मनगटावरचे केस गेले. हात ओला होता म्हणून भाजलं नाही. दोन क्षणांत विझलं.  वरून म्हातारीची हाक ऐकू आली, “उषा, कोण आलंय गं?”

देवमनच्या हातातून मग पडला. तो ओट्यावर बसला, गुडघ्यांवर कोपरं टेकून. त्याच्या कपाळावरून घाम टपटप सिमेंटवर पडत होता. एकदा त्याने वर त्या बाल्कनीकडे पाहिलं.

मग तो उठला आणि मला एक थोबाडीत मारली. अशी मारली की माझ्या कानात शिट्टी वाजली.

 मला वाटलं, आता तो शिव्या देईल, तोंडाला येईल ते बोलेल. मी त्याला तयार होतो. पण तो हळू आवाजात बोलला. नऊ वर्षं आम्ही एका ताटात जेवलो तेव्हा तो तसा बोलायचा.

“दुसऱ्या कोनाचं झाकन असतं तर मी आधी तपासला असता. मी तर सगळ्याईचं तपासतो, तुले मालूम हाय. झाकन उघडलं, तुहं अक्षर पाहिलं. मनात म्हनलं, शालिकनं लिहिलं हाय, आता काय तपासाचं.”

माझा गाल जळत होता, पण ते ऐकून जे झालं ते वेगळंच होतं. सहा वर्षं मी या माणसाच्या नावाने थुंकत होतो. तोही माझ्या नावाने थुंकत होता. आणि सहा वर्षं तो माझ्या हातची झाकणं न तपासता काम करत होता. मी चहा पीत बसलो होतो ते याच भरवशावर, की देवमन तपासतो.

“मी निघालो तवा तू समोर होता,” तो म्हणाला. “टाक्या पाहिल्या ना तू?”

“हो.”

“मंग एवढा टाइम कुठं होता?”

मी पडलेला मग उचलून ओट्यावर ठेवला. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. पांडवबाई पायरीवरून खाली आल्या.

“इंगोले, वर चला.”

“ताई, मी जातो आता.”

“वर चला म्हटलं ना!”

वर नेऊन त्यांनी मला त्या झाकणापुढे बसवलं. देवमनच्या पिशवीतला मार्कर काढून माझ्या हातात दिला आणि मागे उभ्या राहिल्या, मागच्या वर्षी उभ्या होत्या तशाच. “खोडा ते. खरं लिहा. तुमच्या नावासकट.”

मी आर-२२ वर काट मारली. खाली लिहिलं: एचसी. पेटतो. शालिक इंगोले. माझ्या अक्षराचं कौतुक होतं गावात, ‘गारवा’ची पाटी मीच रंगवली होती आणि समोरच्या पाटीवरचा ‘गारवा’ त्याने माझ्याच पाटीवरून गिरवून घेतला होता. त्या दिवशी माझा हात पहिलीतल्या पोरासारखा चालला.

“आता निघा,” पांडवबाई म्हणाल्या. “आणि या घराची पायरी पुन्हा चढायची नाही.”

जिन्यात देवमन उभा होता. मी म्हटलं, “देवमन...” त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि मला वाट दिली.

त्याने बाजारात कोणाला काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. पांडवबाईंनीही नसेल. पण पांडवबाईंची शेजारीण गॅलरीतून सगळं बघत होती. दिवाळीपर्यंत मी ‘गारवा’ बंद केला. देवमनने त्यानंतर रस्त्यापलीकडून एकदाही शिवी दिली नाही. त्या शिव्यांची मला इतकी सवय झाली होती की दुकान आवरताना मी दोन-तीनदा मुद्दाम ओट्यावर जाऊन उभा राहिलो. तो मान खाली घालून काम करत राहिला.

आता मी कूलर दुरुस्त करतो. पंप, मोटर, वाळ्याच्या जाळ्या. पाणी आणि हवा, दुसरं काही नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका दवाखान्यात कूलर लावायला गच्चीवर गेलो होतो. बाजूला एसीचं युनिट होतं, झाकणाचा एक स्क्रू ढिला. सवयीने मी ते उघडलं. आत देवमनचं अक्षर, तिरपं, कोंबडीचे पाय: ३ एप्रिल, आर-३२, देवमन. त्याखाली आणखी एक ओळ होती. आमच्या काळात असं कोणी लिहीत नसे.

नंतर मला कळलं की गेली कित्येक वर्षं तो आपल्या प्रत्येक झाकणात ती ओळ लिहितो. नवे मेकॅनिक हसतात त्याला, म्हातारा झाला म्हणतात. का लिहितो ते त्यांना माहीत नाही.

‘लिहिलं त्यावर जाऊ नका. तपासा.’

मी खिशातून पेचकस काढला आणि तो ढिला स्क्रू घट्ट बसवून दिला.